जमीन विकण्याआधी

इन्सुलीत ‘सूतगिरणी’ हा आता पत्ता आहे. सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना कुणाला कुठे उतरायचे ते सांगायचे झाले, किंवा वर्तमानपत्राला अपघाताची जागा नेमकी द्यायची झाली, की ‘सूतगिरणीजवळ’ म्हणतात. गिरणी बंद पडून गेली, नाव रस्त्यावर राहिले. बाहेरच्या माणसाला इन्सुली ठाऊक असते ती उत्पादन शुल्काच्या तपासणी नाक्यामुळे. गोव्याहून येणारी चोरटी दारू पकडल्याची बातमी आली की त्यात इन्सुलीचे नाव ठरलेले. पण या गावाची मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट नाक्यावर नाही, त्या बंद गिरणीच्या नावात आहे. कारखाना गेल्यावर त्याच्या जमिनीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न कोकणात आजवर नीट विचारलाच गेला नाही, आणि आता तो विचारण्याची वेळ आली आहे.

वेळ आली म्हणजे काय, तर ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. पत्रादेवी ओलांडली की बांदा, आणि बांद्याला लागून इन्सुली. चौपदरी महामार्ग दाराशी, विमानतळ हाकेच्या अंतरावर. अशा पट्ट्यात मोठी, सलग, रस्त्याला लागलेली, पूर्वीच बिगरशेती झालेली जमीन म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बंद उद्योगाचीच. ती आज ना उद्या कुणीतरी घेणार. गोदाम होईल, हॉटेल होईल, सदनिका होतील, शाळाही होईल.

घेणारा माणूस काय तपासतो? सातबारा पाहतो. फेरफार काढतो. बँकेचा बोजा आहे का, कामगारांची देणी थकली आहेत का, कोर्टात काही चालू आहे का, वहिवाटीची वाट कुणाची, हे सगळे वकिलाकडून चाळून घेतो. पाया किती खोल घ्यायचा यासाठी दोनचार ठिकाणी बोअरही मारतो. पण त्या बोअरमधून वर आलेली माती दगड धरेल की नाही एवढेच बघितले जाते. तिच्यात काय मुरले आहे, हे बघायला कुणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरणीय मंजुरी लागते. त्याखालच्या प्रकल्पाला तेवढाही अडसर नाही, आणि तालुक्याच्या गावातली बहुतेक बांधकामे त्याखालचीच असतात.

इन्सुलीची जमीन बिघडली आहे असे मी म्हणत नाही. उलट, सूतगिरणी हा या बाबतीत सौम्य उद्योग. कापूस फोडायचा, पिंजायचा, पेळू करायचे, रिंगफ्रेमवर सूत काढायचे. यात रंग नाही, आम्ल नाही. सूत रंगवण्या-धुण्याचे काम असेल तर गोष्ट वेगळी. तरीही कुठल्याही सूतगिरणीत चार जागा अशा असतात जिथे पर्यावरण अभियंता आधी जाऊन उभा राहील. पहिली ट्रान्सफॉर्मरची. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, असण्याची शक्यता असते. ही रसायने पेटत नाहीत म्हणून वापरली गेली, आणि नाश पावत नाहीत म्हणून धोक्याची ठरली. भारत सरकारने २०१६ च्या आदेशाने त्यांच्या निर्मितीवर व आयातीवर बंदी घातली आणि वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत दिली. दुसरी जागा जनरेटरच्या डिझेल टाकीची, विशेषतः ती जमिनीखाली असेल तर. तिसरी, यंत्रे खोलून तेल बदलायच्या वर्कशॉपची. आणि चौथी डोक्यावर: अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. धड असताना ते फारसा त्रास देत नाहीत. पाडताना घणाने फोडले की त्यातला तंतू हवेत जातो आणि पाडणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात कायमचा बसतो. पत्रे पाण्याने भिजवून, अखंड उतरवून, गुंडाळून ठेवायचे असतात. हे काम करणाऱ्या मजुराला ते सांगितले जाते का, हे मी अनेक पाडकामांच्या बाहेर उभा राहून पाहिले आहे. सांगितले जात नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कारखान्याची जमीन सगळ्यात जास्त बिघडते ती पुष्कळदा कारखाना चालू असताना नाही, तो बंद पडल्यानंतर. चालू कारखान्यात तेलाला किंमत असते, ते सहसा कुणी मातीत ओतत नाही. बंद पडला, पहारा सुटला, यंत्रे लिलावात गेली, की भंगारवाला येतो. त्याला हवे असते तांबे. ट्रान्सफॉर्मरचे झाकण काढायचे, तेल तिथेच आडवे करायचे, गुंडाळ्या ओढून न्यायच्या. एका दुपारचे काम. जे तेल वीस वर्षे लोखंडी पेटीत नीट होते ते त्या दुपारी जमिनीत जाते. म्हणून भंगाराचा लिलाव हा या साऱ्या प्रकरणातला सर्वात नाजूक दिवस आहे, आणि त्या दिवशी जागेवर सरकारचा प्रतिनिधी असला तर तो वजनकाट्याशी असतो.

आता ही माती कुठली आहे ते बघू, कारण पुस्तकातले उपाय मातीगणिक बदलतात. दक्षिण सिंधुदुर्गात वर जांभा. तोच चिरा आपण खाणीतून काढतो, त्याचीच घरे बांधतो. जांभा सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्या आणि नळ्या असतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी या सड्यांवर पडते आणि बघता बघता आत जाते. जांभ्याखाली शेडी, म्हणजे पांढरट चिकण माती. तिच्यातून पाणी सहज उतरत नाही. म्हणून जांभा आणि शेडी जिथे भेटतात तिथे ते आडवे धावते आणि उताराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणातले कितीतरी बारमाही झरे, वाडीच्या बावी आणि कुळागराचे पाणी या एका सांध्यावर उभे आहे.

प्रदूषणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की काळ्या मातीत जे तेल वर्षाला हातभर सरकेल, ते जांभ्यात एका मृगात खालच्या वाडीच्या बावीपर्यंत जाऊ शकते. जांभ्याची एक बाजू चांगलीही आहे. त्यातला लोहाचा अंश आर्सेनिकसारख्या काही विषांना धरून ठेवतो. जांभ्याच्या भुकटीने पाणी गाळण्याचे प्रयोग म्हणूनच झाले. पण तेलाला, विद्रावकाला तो धरत नाही. इन्सुली-बांद्याचे व्हाळ तेरेखोलच्या खोऱ्यातले. ती नदी पुढे तेरेखोलच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते, म्हणजे सिंधुदुर्गात मातीत सांडलेल्या गोष्टीचा शेवट गोव्याच्या सीमेवरच्या खाडीत होतो.

या कामाला जगभर एक क्रम ठरून गेला आहे. सुरुवात कागदांनी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कारखाना कोणता कच्चा माल वापरी, किती सांडपाणी सोडी, घातक कचरा कोणत्या वर्गातला, हे लिहिलेले असते. कारखान्याचा मूळ नकाशा, इंधन टाक्यांचा परवाना, विद्युत निरीक्षकाच्या नोंदी, जुनी उपग्रह चित्रे. मग जागेवर चालणे: कुठे गवत उगवत नाही, कुठे माती काळवंडली आहे, कुठे पावसानंतर पाण्यावर रंगीत साय येते. मग संशय आलेल्या जागी खोदाई. वेगवेगळ्या खोलीवरची माती काचेच्या बाटलीत, बर्फात, कुणी घेतली आणि कुणाकडे दिली याच्या सहीसकट प्रयोगशाळेत. भूजल कुठल्या दिशेला वाहते ते कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, कारण दोन बिंदूंनी उतार ठरत नाही. कोकणात हे सारे दोनदा करावे लागते, वैशाखात आणि पाऊस ओसरल्यावर. दोन्ही वेळचे पाणी वेगळे बोलते.

यातून जे चित्र उभे राहते त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात: विषाचा उगम, त्याची वाट आणि ते ज्याच्यापर्यंत पोहोचते तो जीव. तिन्ही जोडलेल्या असतील तरच धोका. म्हणून त्याच मातीवर गोदाम उभारायचे असेल तर एक उपाय पुरतो, बालवाडी करायची असेल तर दुसरा लागतो. उपायही बरेच आहेत. डिझेल-तेलाने माखलेल्या मातीत हवा आणि खत देऊन जिवाणूंकडून ते खाववता येते. कोकणच्या उष्ण, दमट हवेत हे काम थंड देशांपेक्षा लवकर होते. सॉल्व्हंटची वाफ पंपाने ओढून कोळशात अडवता येते. सहा संयुजेचे क्रोमियम लोहाच्या क्षाराने तीन संयुजेचे करून त्याचा डंख काढता येतो. जड धातू सिमेंट-चुन्यात बांधून ठेवता येतात. किंवा सगळे खणून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवता येते. महाराष्ट्रातली जुनी केंद्रे तळोजा आणि रांजणगावला आहेत. इन्सुलीहून तळोजा चारशे किलोमीटरहून दूर. विषारी मातीचे डंपर कशेडी ओलांडून नेण्यापेक्षा जागेवरच शुद्ध करणे कोकणाला परवडणारे आहे, हे माझे मत.

पण या क्रमात एक पायरी अशी आहे की जिला यंत्र लागत नाही, आणि तीच आपल्याकडे हमखास गाळली जाते. जुन्या कामगाराला विचारणे. टाकी कुठे पुरली होती, गळकी झाल्यावर नवी कुठे बसवली, तेलाचे पिंप कुठल्या भिंतीमागे रिकामे करत, कुठला खड्डा राडारोड्याने भरून वर सिमेंट ओतले, हे कुठल्याही नकाशावर नसते. फिटरला माहीत असते, ऑइलमनला माहीत असते, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला माहीत असते. परदेशातल्या तपासणी नियमांत माजी कामगारांच्या मुलाखती हा पहिल्या टप्प्याचा भाग असतो. त्यावरून बोअर कुठे मारायचे ते ठरते. ही माणसे नसतील तर सबंध आवारात आंधळेपणाने चौकडी आखून भोके पाडावी लागतात, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय जे शोधायचे ते दोन भोकांच्या मधे राहून जाते.

बंद गिरणीचे कामगार फार काळ थांबत नाहीत. कुणी गोव्याच्या कारखान्यात लागतो, कुणी मुंबईला पोराकडे जातो, कुणी बागायतीत रमतो. सिंधुदुर्गाने हे दुसऱ्या बाजूनेही भोगले आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या साचेखात्यांत आणि रंगखात्यांत आपलीच माणसे होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या उठल्या त्या उठल्याच, आणि चाकरमान्यांचे हजारो संसार गावाकडे परतले. पुढे त्या जमिनींवरून मोठी लढाई झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जमिनीचे तीन वाटे सांगितले: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी, मालकाला विकासासाठी. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. कुणाला किती जमीन, हा प्रश्न न्यायाचाच होता आणि कामगारांच्या घरासाठी झालेली ती लढाई मला आजही अपुरी राहिलेली वाटते. तरी त्या सगळ्या वर्षांत रंगखात्याखालची माती कशी आहे, बॉयलरच्या राखेत काय आहे, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आलाच नाही. ज्यांना ते ठाऊक होते ती माणसे तोवर कोकणातल्या ओसरीवर बसली होती. त्यांना विचारायला कुणी आले नाही.

कामगारांनी आणि गावकऱ्यांनी दाखवले म्हणून उघडकीला आलेले देशातले एक मोठे प्रकरण कोडाइकनालचे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन इथला थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात उचलून तमिळनाडूच्या डोंगरावर आणला गेला. १९९८ मध्ये पॉन्ड्स कंपनीच्या विलीनीकरणातून तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. पारा अमेरिकेतून यायचा, थर्मामीटर बाहेर जायचे. मार्च २००१ मध्ये स्थानिक लोकांनी आणि ग्रीनपीसने गावातल्या भंगाराच्या वखारीत पाऱ्याने माखलेली फुटकी काच दाखवली. सात टनांहून जास्त भरली. कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला, पेनसिल्व्हेनियातल्या पारा-शुद्धी कारखान्यात परत गेला. श्रीमंत देशाचे विष गरीब देशात येते असे नेहमी म्हणतो. इथे ते उलट दिशेने गेले, आणि तसे जायला लावणारी माणसे भंगाराच्या ढिगाशी उभी राहिलेली होती.

कचरा गेला तरी माती उरली. आणि इथून पुढची गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. किती स्वच्छ केले म्हणजे स्वच्छ झाले? नागपूरच्या नीरी संस्थेच्या अभ्यासानंतर एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा धरली गेली. कार्यकर्त्यांचे म्हणणे, खाली पांबार शोला हे जंगल आहे, त्यातून पाणी मैदानात उतरते, मर्यादा कितीतरी कडक हवी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आणखी कडक केली तर आणखी माती खणावी लागेल, झाडे पडतील, उतार धुपेल आणि तोच पारा जंगलात जाईल. दोन्हीत तथ्य आहे. पण मर्यादा ठरवताना ज्यांचे पाणी आहे त्यांना विचारले पाहिजे, ही मागणी मला योग्य वाटते. २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीचा समझोता झाला. मातीची चाचणी-शुद्धी २०१७ मध्ये सुरू झाली: माती चाळायची, धुवायची, कारण पारा बारीक कणांना जास्त चिकटतो, मग तो बारीक गाळ बंद भट्टीत तापवायचा, पाऱ्याची वाफ थंड करून परत पारा मिळवायचा. कारखाना बंद पडल्यापासून माती भट्टीत जाईपर्यंत सोळा पावसाळे गेले. प्रत्येक पावसाळा त्या उतारावरून वाहिला.

भोपाळचे तर विचारूच नये. १९८४ ची वायुगळती झालेल्या कारखान्यातला गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलला आणि जूनअखेर जाळून झाला. चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने मागे उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरली. नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१० मध्ये तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा केला होता. ती माती तिथेच आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. त्याआधी यासाठी वेगळी नियमावली नव्हती. आता जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची आहे. राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, संशय टिकला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. १८९ घातक रसायनांच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत. ज्याने दूषित केले त्याने खर्च द्यायचा; तो सापडलाच नाही तर केंद्र आणि राज्याने. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या फक्त सातांवर शुद्धीचे काम सुरू झाले होते. जागा दूषित ठरल्यावर ती किती वर्षांत शुद्ध व्हावी, याची मुदत मात्र या नियमांत नाही. आणि खाणकामातून झालेले प्रदूषण यातून वगळले आहे. रेडीच्या लोहखनिजाच्या खाणी पाहिलेल्या सिंधुदुर्गाला हे वगळणे जाचणारे आहे. त्याच रेडीत उषा इस्पातने उभारलेला आणि पुढे टाटा मेटॅलिक्सकडे गेलेला कच्च्या लोखंडाचा कारखानाही बंद पडला. कारखान्याची जागा नियमात, शेजारची खाण नियमाबाहेर, आणि दोन्हींवरचा पाऊस एकाच खाडीत.

यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून जाणार, पण ती भरणार कोण? तलाठी आणि ग्रामसेवक. जोवर त्यांच्यापर्यंत ‘संशयित जागा’ म्हणजे काय हे पोहोचत नाही, तोवर ती यादी कोरी जाईल. इन्सुलीसारख्या गावाने वाट बघायचे कारण नाही. ग्रामसभेने एक ठराव करावा. गावातल्या प्रत्येक बंद उद्योगाचे माजी कामगार बोलवावेत, गिरणीचा नकाशा जमिनीवर आखून घ्यावा आणि कुठे काय होते ते त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. उताराच्या खालच्या चार बावींचे पाणी मे महिन्यात आणि गणपती गेल्यावर तपासावे. नेहमीच्या पाणीतपासणीत क्षार, नायट्रेट, लोह आणि जंतू बघतात. त्यात तेल आणि पीसीबी येत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात आणि त्याची फीही वेगळी पडते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. भूजल कुठे वाहते याची सुरुवातीची माहिती त्या नोंदींत आयती मिळते. भंगाराचा लिलाव व्हायचा असेल तर निविदेतच दोन ओळी घालता येतात: ट्रान्सफॉर्मरचे तेल तपासल्याशिवाय उघडायचे नाही, आणि पत्रे फोडायचे नाहीत.

हे सगळे खरेदीखत होण्याआधी झाले तर त्याचा खर्च व्यवहारात धरता येतो. माती बिघडलेली निघाली तर किंमत उतरेल आणि उतरलेल्या पैशात शुद्धी होईल. चांगली निघाली तर विकणाऱ्याचाच फायदा, थकलेल्या कामगारांच्या देण्यांसकट. खरेदीखतानंतर झाले तर खर्च नव्या मालकावर, आणि इमारत उभी राहिल्यावर झाले तर तिथे राहणाऱ्यांवर आणि खालच्या वाडीवर. कामगारांच्या जबान्या, चार बावींचे दोन हंगामांचे आकडे आणि मातीच्या नमुन्यांचा नकाशा, एवढे तीन कागद दस्ताला जोडायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कसलीच आडकाठी नाही. इन्सुलीच्या गिरणीत ज्यांनी पाळ्या केल्या ते आज साठी-सत्तरीचे असतील. त्यांच्याकडून उतरवून घ्यायचे काम या दिवाळीनंतर, शेतीची कामे आटोपली की, सुरू करता येईल.